काकलीचा डावा हात

भूगोल विभागातल्या कपाटांच्या किल्ल्या एकोणीस वर्षं माझ्या कमरेला आहेत. हुद्दा विचाराल तर प्रयोगशाळा परिचर. मुलं समोर पारुलदी म्हणतात आणि पाठ वळली की फौजदारीणबाई. म्हणोत बापडी! तिपाईचा एक पाय मोडला तर सर त्यांना विचारत नाहीत, मला विचारतात. आधी ही नोकरी माझ्या नवऱ्याची होती. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पहिल्या दिवशी मी नकाशा उलटा धरून पुसत होते. आज कुठलाही नकाशा मागा, डोळे मिटून काढून देते.

एवढ्या वर्षांत शेकड्यांनी पोरं बघितली. आमच्या बंगालच्या किनाऱ्यावरच्या कांथीकडे भूगोलाला ऑनर्स घेणारी निम्मी पोरं शाळेतल्या नोकरीवर डोळा ठेवून येतात, आणि त्यात गैर काही नाही. पण काकली बेरा वेगळी होती. तेव्हा, लग्नाआधी, ती काकली माइती होती. बापाचा पानमळा, घरात चार भावंडं, आणि ही एकटी कॉलेजात. पहिल्याच वर्षी समोच्च रेषांच्या नकाशावर चार-चार तास वाकून बसायची. मी कपाट बंद करायला गेले की म्हणायची, "दी, पाचच मिनिटं. नदी अजून डोंगरातून उतरली नाहीये."

"उतरेल उद्या. तुझ्या नदीसाठी मी संध्याकाळची बस चुकवू का?"

"चुकवा ना. मी सोडते तुम्हाला सायकलवर."

सायकल तिच्याकडे नव्हतीच. कुणाची तरी मागून आणायची आणि खरंच सोडायची. मी मागे बसून शिव्या देत असायचे, कारण ती सायकल चालवतानाही इकडेतिकडे बघत बोलायची, हा वाळूचा उंचवटा बघा, हा जुना किनारा होता, समुद्र इथपर्यंत होता. मी म्हणायचे, समुद्र राहू दे, समोर बैल आहे तो बघ.

एक खोड मात्र होती, आणि तीच पुढे नडली. प्रात्यक्षिकाच्या वहीत पोरं आकडे जुळवतात. सगळीच जुळवतात. मैदानावर पाच काठ्या रोवायच्या, पहिल्या काठीवर होकायंत्र लावून दुसरीचा अंश वाचायचा, दुसरीवरून तिसरीचा, असं फिरत फिरत पुन्हा पहिलीशी यायचं. मग कागदावर त्या रेघा काढल्या की शेवटची रेघ सुरुवातीच्या ठिपक्याला मिळायला हवी. थोडीफार चुकतेच. मग गेल्या वर्षीच्या दादा-दिदीची वही काढायची, एखादा अंश इकडचा तिकडे करायचा, मिळाली रेघ! काकली ते करायची नाही. "रेघ जिथे गेली तिथे गेली, दी. खोटी मिळवून मी काय करू?" आणि गंमत म्हणजे पहिल्या वर्षी तिची रेघ न जुळवताच मिळायची. गिरी सर तिची वही वर्गात फिरवून दाखवायचे.

दुसऱ्या वर्षी माघात तिचं लग्न झालं. मुलगा शिबू, ट्रॉलरवर जाणारा. एकदा गेला की दहा-बारा दिवस पाण्यावर. घर जुनपुटकडे, मासे सुकवायच्या खटीला लागून. सासू गौरीबाला. तिचा नवरा मासेमारीवर असतानाच बुडालेला, शिबू तेव्हा सात वर्षांचा. बाईनं एकटीनं मासे सुकवून तीन मुलं वाढवली. तोंडाची अशी फटकळ की खटीवरचे दलालसुद्धा तिच्याशी घासाघीस करत नाहीत, असं ऐकलं होतं.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी काकली आली. भांगात शेंदूर, दोन्ही हातांत शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, आणि डाव्या मनगटात नोआ, नवऱ्याच्या आयुष्यासाठी सवाष्णीनं घालायचं लोखंडी कडं. शिबूच्या घरचा नोआ चांगला होता, आतलं लोखंड दिसू नये म्हणून वर सोन्याचा पत्रा चढवलेला. उंबरठ्यावर सासूनं स्वतः हातात घातलेला.

मी म्हटलं, "काय गं, सासू जाळते का भाजते?"

"दोन्ही नाही. म्हणाली, शिक. पण परीक्षा एकदाच. नापास झालीस तर पुस्तकं गुंडाळायची आणि खटीवर यायचं. दुसऱ्यांदा बसचे हेलपाटे नाहीत."

"वाईट नाही सांगितलं."

"वाईट नाहीच," ती हसली. "मी नापास कशाला होईन?"

आणि तिसऱ्या वर्षी तिची रेघ मिळेनाशी झाली.

पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा सर कपाळाला आठ्या घालून बसले. इकडून तिकडे बघितलं की जो अंश येतो त्यात आणि तिकडून इकडे बघितल्यावर येतो त्यात बरोबर एकशेऐंशीचा फरक हवा. हिचा कधी एकशेशहात्तर, कधी एकशेपंच्याऐंशी, आणि दर काठीला निराळा. कागदावर शेवटची रेघ सुरुवातीच्या ठिपक्यापासून चांगली चार बोटं लांब. सर म्हणाले, जवळपास लोखंड असेल. मग हातपंपापासून काठ्या हलवल्या. विजेच्या खांबापासून हलवल्या. फुटबॉलचं मैदान सोडून तळ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत गेलो. तिपाई डोक्यावर घेऊन कोण गेलं? मीच. तिथंही तेच. त्याच जागी, त्याच होकायंत्रानं बाकीच्या पोरांचं ठीक आलं आणि हिचं नाही.

तेव्हा सरांच्या तोंडून निघून गेलं, "लग्न झालं की मुलींचं डोकं सासरी राहतं. शरीर तेवढं वर्गात येतं."

मला असा राग आला! पण ते सर, मी किल्लीवाली. बाकीच्या पोरी काकलीच्या मागे लागल्या, "अगं, आकडे जुळव ना. कोण बघतंय?" पण शेवटच्या परीक्षेत बाहेरचे परीक्षक शेजारी उभे राहतात, दर काठीचा आकडा तिथल्या तिथे सही करून घेतात. आणि कुणी बघत नसतं तरी तिनं जुळवले नसते. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे ऑनर्स गेला. परीक्षेला दहा दिवस उरले होते. पोरगी वाळत चालली. डबा उघडायची आणि तसाच मिटायची.

एका दुपारी ती एकटीच सराव करत होती. होकायंत्राची तबकडी हलत राहिली की ती थांबवायला पुढे एक बारीक खुंटी असते, ती बोटानं दाबायची. मी काठ्या गोळा करता करता तिच्याकडे बघत होते. तिनं डावा हात पुढे नेला, खुंटी दाबली, तबकडी थांबली. ती वाकून अंश वाचायला लागली. आणि मला दिसलं की हात यायच्या आधी तबकडी जिथे डुलत होती, तिथे ती थांबलीच नव्हती. बाजूला सरकून थांबली होती.

"काकली, हात काढ."

"काय?"

"डावा हात मागे घे. आता बघ. आता पुढे आण. हळू."

ती हात पुढे आणत गेली आणि तबकडी वळत गेली. मागे नेला, तबकडी परतली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती एवढी हसली, एवढी हसली, की खालीच बसली. "आई गं! मी सगळ्या मैदानात लोखंड शोधत फिरले, दी! खांब मोजले! आणि माझ्याच हातात!"

सरांना सांगितलं तर ते कपाळावर हात मारून घेतात. "किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, सगळं मी दारातच काढायला लावतो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सोन्याचं दिसतं ना ते." मग त्यांनी तिची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. हे त्यांचं मानलं पाहिजे.

मी म्हटलं, "चला, सुटला प्रश्न. दोन तासांचा खेळ आहे. काढ तेवढा वेळ."

तिचं हसू तिथंच थांबलं. "नाही, दी."

"का?"

"तो पाण्यावर आहे."

"मग? पाण्यावर असलेल्या माणसाला इथून कळतं का, बायकोनं काय काढलं नि काय घातलं?"

"मला माहितीय नाही कळत. मी भूगोल शिकते, वेडी नाहीये. पण काढला, आणि काही झालं, तर मी जन्मभर काय करू? मांना तोंड काय दाखवू?" सासूला ती मा म्हणायची.

तेव्हा माझा तोल गेला. मला बोलायला नको होतं, पण बोलले. "माझ्याही हातात होता तो! एक दिवस काढला नव्हता. आंघोळीला नाही, बाळंतपणात नाही. वाचला का तुझ्या पारुलदीचा नवरा?"

ती रडायला लागली. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. किती वर्षांनी तो विषय तोंडी आला होता. मग तिला पाणी दिलं आणि आम्ही दुसरा उपाय करून बघितला. डावा हात पाठीमागे, आणि सगळं उजव्यानं. पण एका हातानं होकायंत्राची डबी फिरवायची, त्याच हातानं खुंटी दाबायची, त्यात समुद्राकडून वारा. दोन तासांत कशाबशा तीन काठ्या झाल्या. पाच काही व्हायच्या नाहीत, हे तिलाही कळलं.

रविवारी मी तिला न सांगता जुनपुटची बस धरली.

खटीवर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, आणि त्या रांगांमधून एक उंच, सुकी बाई चाललेली, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून. मी नाव सांगितलं, पारुल जाना, कॉलेजातून आले.

"मास्तरीण?"

"नाही. कपाटं उघडते."

"मग बसा," म्हणाली. "मास्तरणींना बसायला माझ्याकडे खुर्ची नाही."

मी बसले आणि सगळं सांगितलं. ती बोंबील उलटत राहिली, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"लोखंडानं सुई फिरते?"

"फिरते."

"केवढी असते सुई?"

मी बोट दाखवलं.

"म्हणजे त्या बोटभर सुईपायी माझ्या शिबूच्या नावाचं लोखंड उतरवायचं? नऊ दिवस झाले त्याला जाऊन."

"दोन तासच, दिदी. परीक्षेपुरतं."

तिनं हातातला मासा खाली ठेवला. "त्याच्या बापाला बुडायला दोन तास लागले नव्हते."

मीही विधवा, तीही विधवा. उठले. तर म्हणाली, मुरमुरे खाल्ल्याशिवाय जायचं नाही. मिरची नि मुरमुरे पुढे ठेवले आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. बसमध्ये मी स्वतःला शिव्या घालत आले. पोरीचं होतं नव्हतं तेही मी घालवलं, असं वाटत होतं.

सोमवारी काकली माझ्यावर चांगलीच भडकली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला? मा कालपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत."

"जेवायला तरी वाढलं का?"

"वाढलं. पण बोलल्या नाहीत."

त्यानंतर परीक्षेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रोज येऊन एका हातानं सराव करायची, तीन काठ्यांवरून साडेतीनवर आली होती. लांबून बघताना मला भरून यायचं. पण मीही हट्टी आहे, मीही बोलले नाही.

परीक्षेच्या सकाळी मी काठ्या रोवत होते. बाहेरचे परीक्षक आले होते, एक वयस्कर गृहस्थ, डोक्याला रुमाल बांधलेला. काकली आली, आणि तिच्या मागून पांढरी साडी. गौरीबाला! ही बाई आता इथं येऊन काय गोंधळ घालते!

ती सरळ मैदानात शिरली. माझ्यासमोर सुनेचा हात धरून म्हणाली, "बौमा, काढ ते."

काकलीचा चेहरा पांढरा पडला. "मा?"

"काढ म्हणते ना. पण खाली ठेवायचं नाही, पिशवीत टाकायचं नाही. माझ्या हातावर दे."

काकलीच्या हातून नोआ निघेना. शेवटी निघाला. गौरीबालानं तो घेतला आणि स्वतःच्या डाव्या हातात चढवायला लागली. तिचे सांधे मिठाच्या पाण्यानं सुजून घट्ट झालेले. नोआ अंगठ्यापाशी अडला. तिनं दात आवळले, जोर केला आणि चढवला. कातडं सोलून निघालं.

विधवेच्या हातात नोआ! आमचा म्हातारा माळी 'हरि, हरि' करत तोंड फिरवायला लागला. मी त्याला म्हटलं, "तुझं तोंड तिकडेच ठेव आणि झाडांना पाणी घाल."

काकली म्हणाली, "मा, लोक काय म्हणतील? तुम्हाला हे..."

"मला हे चालत नाही, हेच ना? माहितीय मला." आता तिचा आवाज खटीवरचा झाला, सगळ्यांना ऐकू जाईलसा. "शिबूला नऊ महिने पोटात मी वाहिला. त्याच्या नावाचं लोखंड दोन तास वाहायला मला कुणाची चिठ्ठी लागते का? ज्याला काही म्हणायचंय त्यानं जुनपुटला येऊन म्हणावं. तू जा. तुझ्या काठ्या बघ."

परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सरांनी खाली बघितलं. मग परीक्षकांनी घड्याळ काढलं आणि म्हणाले, "सुरू करा."

मी गौरीबालाला बाजूला नेलं. तिला सांगितलं, "लांब चला, नाहीतर तिथंही सुई फिरेल." ती घाबरून चालायलाच लागली. मी म्हटलं, पुरे, एवढं लांब पुरे, तर ही तळ्याच्या पार त्या टोकाला जाऊन उभी राहिली. "आता नाही ना फिरणार?" तिथून ओरडली. पोरं हसली, काकलीही हसली, आणि हसतच तिनं पहिल्या काठीवर होकायंत्र लावलं.

दोन तास ती बाई उन्हात उभी होती. मी चटई नेली, बसली नाही. पाणी नेलं, प्यायली नाही. डावा हात उजव्या हातात धरून पोटाशी घेतलेला. दर थोड्या वेळानं विचारायची, "कितवी?" मी सांगायचे, तिसरी. चौथी. मध्येच म्हणाली, "पोरगी दिसायला बारीक आहे, पण ती तिपाई कशी उचलते बघा." आणि लगेच तोंड वाकडं केलं, कौतुक केल्याचं मला कळू नये म्हणून.

दोन्ही हात मोकळे मिळाल्यावर काकलीला कोण अडवतंय! पाचही काठ्या वेळेआधी झाल्या. मग टेबलावर कागद, रेघा. पहिली, दुसरी, तिसरी. मी खिडकीतून बघत होते, शेजारी गौरीबाला, तिला आत यायला सांगितलं तरी येईना. शेवटची रेघ सुरुवातीच्या ठिपक्याशी आली आणि मोहरीच्या दाण्याएवढी जागा राहिली. परीक्षक म्हणाले, "एवढं तर कुणाचंही राहतं. मिळवून टाक हवं तर." काकली म्हणाली, "नको सर. जेवढी राहिली तेवढी लिहिते." त्यांनी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं, आणि मग सही केली.

"झालं?" गौरीबालानं मला विचारलं.

"झालं. पास होणार तुमची सून, चांगली पास होणार. आणा तो हात."

काकली धावत बाहेर आली. नोआ काढायला गेलो तर निघेना. हात आणखी सुजला होता. माळी लांबून म्हणाला, कापावा लागेल. गौरीबालानं त्याच्याकडे असं बघितलं की तो झाडाआड गेला. "ओढ," ती काकलीला म्हणाली. "ओढून काढ, मला काही होत नाही." तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि हात ताठ पुढे केला. तो हात बघून मला कळलं की ती कशाची वाट बघतेय. नवरा गेला की घाटावर बायका जमतात, विटेनं शंखाच्या बांगड्या फोडतात, नोआ हिसकून काढतात. त्या गडबडीत, त्या रडारडीत, हाताचं काय होतं याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझ्याही वेळी नव्हतं.

"ओढणार नाही मी," काकली म्हणाली. "दी, साबण आणा."

मी साबण नि तांब्याभर पाणी आणलं. व्हरांड्याच्या पायरीवर तिनं सासूचा हात मांडीवर घेतला, फेस केला, आणि एकेक बोट दाबत, नोआ गोल गोल फिरवत, जरा पुढे, जरा मागे, असा सरकवायला लागली. सोललेल्या जागेपाशी आली की थांबायची, फुंकर घालायची.

"मा, दुखतंय का हो?"

गौरीबालानं डोळे उघडले. नोआ सुटून काकलीच्या हातात आला होता. तिनं तो लगेच स्वतःच्या मनगटात घातला, पण सासू तिकडे बघतच नव्हती. आपल्या रिकाम्या, फेसानं भरलेल्या हाताकडे बघत होती. आणि मग ती खटीवरची गौरीबाला, दलाल जिला घाबरतात ती, लहान पोरीसारखी रडायला लागली.

"असं हळू काढता येतं होय गं हे?" म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं."